आबांचं सिनेमातलं काम

आमच्या घरी एका हिंदी सिनेमाचं शूटिंग झालं होतं. हे कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, हिरो कोण होता? नाव सांगितलं की दुसरा, तो खरंच तेवढा उंच आहे का? त्याच्या पुढे सहसा कुणी काही विचारत नाही, आणि मलाही ते बरं वाटतं.

घर नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, गावापासून दीड किलोमीटर आत, वस्तीवर. दगडमातीच्या भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेलं सपाट छत. आजूबाजूच्या सगळ्यांनी स्लॅब टाकले, माझ्या वडिलांनी टाकला नाही. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. उन्हाळ्यात माळवद गार राहतं, असं ते सांगायचे. खरं म्हणजे आई गेल्यावर त्यांना त्या घरातलं काहीच हलवायचं नव्हतं. साखर कारखान्यात वजनकाट्यावर त्यांनी आयुष्य काढलं होतं. निवृत्तीनंतर ते एकटेच वस्तीवर राहायचे. शेत वाट्याने दिलेलं होतं. वाटेकऱ्याची बायको सकाळ-संध्याकाळ भाकरी-कालवण आणून द्यायची.

मी नगरला, एका हायस्कूलमध्ये हिंदी शिकवते. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, पण आबा शेवटपर्यंत नगरच म्हणाले. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शिकायला पुण्याला गेला तो तिथूनच कॅनडाला गेला. आईच्या दहाव्याला आला होता. चौदाव्या दिवशी परत गेला, आणि शूटिंग झालं तोवर नऊ वर्षं आला नव्हता.

भांडण काही नव्हतं. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. एका वर्षी त्याचे कागद अडकले होते, एका वर्षी बायकोचं बाळंतपण होतं, एका वर्षी नवी नोकरी होती. प्रत्येक कारण खरं होतं. दर रविवारी फोन यायचा. आबा मोबाईल इतका जवळ धरायचे की पलीकडे त्याला फक्त त्यांचं कपाळ दिसत असणार.

दोन जीपा वस्तीवर आल्या तेव्हा आबा एकटेच होते. पुढचं त्यांनीच मला फोनवर सांगितलं. मुंबईची माणसं होती, माळवदाचं घर शोधत तीन-चार तालुके पालथे घालून आली होती. त्यांच्यातल्या एकाला मराठी येत होतं. आबांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "गोष्ट काय हाय तुमच्या शिनेमाची?"

त्याने सांगितली. परदेशात राहणारा एक मुलगा पुष्कळ वर्षांनी बापाच्या गावी येतो. घर विकून टाकायला आलेला असतो, पण त्या घरात राहता राहता त्याला आपलं मूळ सापडतं.

"बाप जित्ता असतो का?" आबांनी विचारलं.

"नाही बाबा. बाप गेल्यावरच येतो तो."

"मग काय उपेग," आबा म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "करा शूटिंग. घर हाय तसं हाय."

हे सांगताना आबा हसले. मीही हसले. भाजी फोडणीला टाकायची होती, म्हणून मी फोन ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा घर हाय तसं राहिलेलं नव्हतं. छतावरची प्लास्टिकची टाकी कडब्याच्या पेंढ्यांनी झाकली होती. टीव्हीची डिश काढून गोठ्यात ठेवली होती. आमचा पत्र्याचा दरवाजा जाऊन तिथे कोरीव लाकडाचा, पितळी कड्यांचा दरवाजा आला होता. ओसरीत साखळ्यांचा झोपाळा लागला होता. आमची तुळस तेलाच्या पत्र्याच्या डब्यात होती. ती उचलून मागे ठेवली होती आणि अंगणात मधोमध प्लायवूडचं वृंदावन उभं केलं होतं. त्याच्यावर असा काही रंग दिला होता की हात लावेपर्यंत तो दगडच वाटायचा. सगळ्यात अजब म्हणजे कडुनिंबाखाली एक विहीर होती. वर दगडी कठडा, रहाट, दोर, पोहरा. आत वाकून बघितलं की गुडघाभर खोलीवर आमचीच जमीन.

मधल्या खोलीतल्या भिंतीवर आईचा फोटो असायचा. त्यांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळून नीट पेटीत ठेवला होता. त्या जागी सिनेमातल्या आईचा फोटो लावला होता, देखणी, गोरी बाई. हार मात्र आमच्याच आईचा चंदनी हार होता, जुना दिसतो म्हणून त्यांनी तोच घेतला होता.

"तुम्ही कसं चालवून घेतलंत?" मी आबांना विचारलं.

"इचारून घेतलंय त्यांनी." आबा फोटोकडे न बघता म्हणाले, "आठ दिसांचा तर सवाल हाय. ही बी कुनाची तरी आईच असंल."

सिनेमाची दिग्दर्शक चाळिशीतली बाई होती, बोलायला साधी. कामावर ये-जा करताना तिला आबा ओट्यावर बसलेले दिसायचे. तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावून सांगितलं की तिला आबांचा चेहरा सिनेमात हवाय. काम छोटं होतं. हिरो पहिल्यांदा गावात येतो, जीपमधून उतरतो, तेव्हा त्याच्या मेलेल्या बापाचा म्हातारा शेजारी त्याला ओळखतो आणि म्हणतो, "आ गए बेटा? इतनी दूर से आए हो, पहले पानी पी लो." बस्स, एवढंच.

आबांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. ते लगेच हो म्हणाले.

दोन दिवस मी त्यांच्याकडून ते वाक्य पाठ करून घेतलं. वर्गातल्या पोरांकडून घेते तसंच. कारखान्यावर ट्रकवाल्यांशी बोलून बोलून त्यांना हिंदी येत होतं, पण ते काट्यावरचं हिंदी होतं, गाडी पुढे घे, मागे घे, एवढ्यापुरतं. 'पी लो' त्यांच्या तोंडात बसेना. ते 'पिऊन लो' म्हणायचे, मग दोघंही हसायचो. मध्येच थांबून त्यांनी मला विचारलं, "ह्यो म्हातारा त्या पोराचा कोन?"

"शेजारी आहे आबा."

"मग बेटा कशाला म्हनायचं?"

"हिंदीत म्हणतात. कुणालाही म्हणतात."

"बरंय," आबा म्हणाले, आणि ओठातल्या ओठात पुन्हा पहिल्यापासून घोकायला लागले.

शूटिंगच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. कपडेपटवाल्या मुलीने तो काढायला लावला आणि चहाच्या पाण्यात बुडवून मळकट केलेला सदरा दिला. आबांचा चेहरा उतरला. "मानसांपुढं असं मळकं घालून उभं ऱ्हायाचं व्हय?" ते मला म्हणाले. पण घातला.

ऊन डोक्यावर यायच्या आत उरकायचं होतं. पहिल्या वेळी आबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. दुसऱ्या वेळी हिरो जीपमधून उतरायच्या आधीच बोलले. मग पाण्याचा तांब्या घ्यायचा राहिला, मग 'इतनी दूर' राहिलं. प्रत्येक वेळी तो हिरो वाकून पाया पडायचा आणि प्रत्येक वेळी आबा त्याच्या डोक्यावर खराखुरा हात ठेवून पुटपुटायचे. दिग्दर्शक बाईने एकदा सांगून बघितलं की आशीर्वाद नको, वेळ जातो. आबा म्हणाले, पाया पडल्यावर आशीर्वाद न देता कसं ऱ्हायाचं?

आठव्या की नवव्या वेळेला तो हिरो उतरला, चालत आला, वाकला. थकला होता, घामाने चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. आबांनी त्याला दोन्ही दंडांना धरून उठवलं, तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "किती वाळलास रं. पोट बरं हाय का आता?"

हिरोला मराठी येत नव्हतं. पण त्याने मान हलवली, हो म्हटल्यासारखी.

"पानी पी आधी," आबा म्हणाले. "उकळून गार केल्यालं हाय."

माझा भाऊ लहानपणी पोटाने बेजार असायचा. काहीही खाल्लं की कळा, जुलाब. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत आई त्याच्यापुरतं पाणी उकळून वेगळ्या तांब्यात ठेवायची. आम्ही कुणी त्या तांब्याला हात लावायचा नाही. हे त्या अंगणात उभ्या असलेल्या पन्नास माणसांपैकी आबांशिवाय फक्त मला माहीत होतं. दिग्दर्शक बाईने बऱ्याच वेळाने 'कट' म्हटलं. मग माझ्याकडे येऊन तिने विचारलं, ते काय म्हणाले?

हिंदी शिकवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. पण तेवढं वाक्य मला हिंदीत सांगता आलं नाही. मी म्हटलं, तब्येतीची चौकशी केली.

"यही रखेंगे," ती म्हणाली.

आबा निंबाच्या सावलीत जाऊन बसले होते, त्या खोट्या विहिरीच्या कठड्याला टेकून. मी गेले तर म्हणाले, "चुकलं का गं माझं?"

"नाही आबा. आवडलं त्यांना."

"तोंडातच आलं एकदम," ते म्हणाले.

रविवारी भावाचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला सगळं सांगितलं. जीप, झोपाळा, चहात बुडवलेला सदरा. ते एक वाक्य तेवढं सांगितलं नाही. "शिनेमा लागला की ये," म्हणाले. "नगरला टाकीत जाऊन बघू. पोरास्नी आन. लई दिस झालं."

"येतो आबा," भाऊ म्हणाला. "नक्की येतो."

युनिट गेलं. दरवाजा, झोपाळा, विहीर सगळं टेम्पोत भरून नेलं. आईचा फोटो आणि हार पुन्हा जागेवर आला. वृंदावन तेवढं राहू द्या, असं आबा म्हणाले, म्हणून राहिलं. ते पावसाळ्यात फुगलं, त्याचे पापुद्रे सुटले, आणि वाटेकऱ्याच्या बायकोने ते बंबात घातलं.

मग वाट बघणं सुरू झालं. सिनेमा कधी लागणार, हे आबा मला दर फोनला विचारायचे. मी म्हणायचे, अजून वेळ आहे, कापाकापी चालू आहे. "येवढं काय कापत्यात?" ते विचारायचे. एक वर्ष गेलं, दुसरा पावसाळा गेला. पाऊस उघडला की माळवदावर उगवलेलं गवत उपटावं लागतं, नाहीतर मुळं आत शिरतात आणि घर गळायला लागतं. आबा पंचाहत्तरीतही ते स्वतः करायचे. त्या वर्षी गवत उपटून उतरताना शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं.

नगरला ऑपरेशन केलं आणि त्यांना माझ्या घरी आणलं. दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. नवरा मदत करायचा, पण शाळा, घर, आबांचं अंघोळ-पाणी, भांडं देणं, हे सगळं शेवटी माझ्याकडेच होतं. अशात सिनेमावाल्यांचा फोन आला. आबांचा आवाज पुन्हा रेकॉर्ड करायचा होता, दोन दिवस मुंबईला आणता येईल का? मी म्हटलं, ते अंथरुणावर आहेत. इथे येऊन करता येईल का, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. आबांना मी तो फोन आल्याचं सांगितलंही नाही.

आणि त्याच महिन्यात भावाचा फोन आला. रविवार नव्हता तरी आला.

"ताई, मी येतो," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यातलं तिकीट मिळतंय."

हे मी आजवर नवऱ्यालाही धड सांगितलेलं नाही, म्हणून इथे नीट लिहिते. मी त्याला नको म्हणाले. म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालंय, धोका टळलाय, आत्ता येऊन तू काय करणार? मे महिन्यात ये. मला शाळेला सुट्टी असेल, आबा चालायला लागलेले असतील, तोवर सिनेमाही लागेल. सगळं खरंच होतं. पण आतून मला आणखी काहीतरी वाटत होतं. मी वीस दिवस त्यांचं सगळं काढत होते. हा आठ दिवसांसाठी येईल, उशाशी बसेल, आणि आबा उरलेलं आयुष्य येईल त्याला सांगतील की माझा लेक कॅनडातून आला होता. मला ते नको होतं.

"नक्की ना ताई?" त्याने विचारलं.

"नक्की."

"बघ हं. पुन्हा विचारतो."

"अरे नक्की," मी म्हणाले.

संक्रांतीनंतर आबांच्या छातीत कफ झाला. दवाखान्यात नेलं. तिथे एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "बाई, घरी कवा नेतीस?"

"पुढच्या आठवड्यात, आबा."

"तुज्या न्हाई. आपल्या."

"व्हय. आपल्याच," मी म्हणाले. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

भाऊ विमानतळावर जाऊन बसला होता, पण तिकडे बर्फाचं वादळ होतं आणि विमानं सुटत नव्हती. गावची माणसं म्हणाली, किती थांबायचं? अग्नी मी दिला. वाटेकरी मोबाईल धरून उभा होता, आणि त्या मोबाईलमध्ये माझा भाऊ स्वेटर घालून उभा होता. वाऱ्याने सारखा आवाज तुटत होता. विमानं सुरू झाली तेव्हा तो म्हणाला, आता कशाला येऊ ताई? मीही ये म्हणाले नाही.

सिनेमा चैत्रात लागला. मी आणि नवरा नगरच्या टॉकीजमध्ये गेलो. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. वीस-पंचवीस मिनिटांनी जीप आली, हिरो उतरला, आणि समोरून आबा चालत आले. उजवा पाय किंचित ओढत चालायची त्यांची लकब होती. मला वाटायचं ती फक्त मलाच दिसते. तिथे ती पडदाभर होती. त्यांनी त्याला दंडांना धरून उठवलं, तोंड उघडलं, आणि त्यांच्या तोंडातून भलत्याच माणसाचा आवाज आला. गोड, खर्जातला, उत्तरेकडचा. "कितने दुबले हो गए हो बेटा. घर की याद नहीं आई?"

मी मध्यंतरात बाहेर आले. नवऱ्याने पाण्याची बाटली आणली. "परत जायचं का आत?" त्याने विचारलं. मी नको म्हणाले. गाड्या लावतात तिथे आम्ही थोडा वेळ उभे राहिलो आणि घरी आलो.

महिन्याभराने तो सिनेमा मोबाईलवर आला, तेव्हा भावाने तिकडे बघितला. सकाळी मी डबा भरत होते आणि त्याचा फोन आला.

"ताई, आबा ते बोलत नाहीयेत," तो म्हणाला.

"आवाज दुसऱ्याचा घेतलाय रे."

"आवाजाचं नाही म्हणत मी. ओठ बघ. मी दहा-बारा वेळा बघितलं. ते 'पोट' म्हणतायत."

मी पोळी तव्यावरच सोडून खाली बसले. आणि मग त्याला सांगितलं. ते काय म्हणाले, उकळलेल्या पाण्याचं काय म्हणाले, नंतर निंबाखाली जाऊन कसे बसले. मग त्याने फोन ठेवला, आणि तिसऱ्या दिवशी तिकिटाचा फोटो पाठवला.

आला तो एकटाच. नऊ वर्षांची आता अकरा झाली होती. केस विरळ, चष्मा, पोट सुटलेलं. वाळलेला वगैरे काही नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गाडीने वस्तीवर गेलो, चालवत तोच होता. रस्ताभर तो उजवीकडे बघायचा, डावीकडे बघायचा, मध्येच हे कधी झालं, ते कधी झालं म्हणून विचारायचा.

अंगणात उतरल्यावर तो निंबाखाली जाऊन उभा राहिला. "विहीर बुजवली?" त्याने विचारलं.

"कुठली विहीर?"

"इथली. वाकून हाका मारायचो ना आपण?"

मी म्हणाले, "इथे विहीर कधीच नव्हती. आपली विहीर खालच्या शेतात आहे. ही सिनेमावाल्यांनी केली होती."

तो ओशाळून हसला. पण आत गेल्यावर तेच. झोपाळा कुठे गेला? आई तिथे बसून तांदूळ निवडायची. मोठा दरवाजा कुणी नेला? मी त्याला सांगत होते, झोपाळा नव्हता, दरवाजा पत्र्याचा होता, आई चुलीपुढे बसून बाजरी निवडायची. तांदूळ आपल्याकडे दिवाळीला यायचा. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की मी सांगते ते त्याला दिसत नाहीये. मग ओसरीतल्या मधल्या खांबाशी तो गेला, खांबाला कपाळ टेकलं आणि रडायला लागला.

त्या खांबाला कपाळ टेकून सिनेमातला हिरो रडतो. त्याच खांबाला, तसाच.

"बास कर," मी ओरडले. "ते तुझं नाही, सिनेमातलं आहे! खांब आवडला म्हणून आलास तू! सिनेमा बघून बाप आठवला होय रे तुला? जिवंत होते तेव्हा काय झालं होतं यायला?"

वाटेकऱ्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन पायरीवर आली होती, ती तिथेच थांबली. भाऊ वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय बोलले ते. त्याला फक्त एक वाक्य उच्चारायचं होतं. तूच नको म्हणालीस. मी त्या वाक्याची वाट बघत उभी होते.

त्याने तांब्या घेतला, पाणी प्यायला, तांब्या तिच्या हातात परत दिला. "चुकलं ताई," म्हणाला. एवढंच.

नंतर ओट्यावर बसल्यावर तो सांगायला लागला. "मला खरंच आठवत नाही गं. आठवायला बघतो आणि सिनेमाच दिसतो. आधी काहीतरी होतं डोक्यात, धुरकट, पण होतं. आता त्याच्या जागी ते बसलंय."

मी त्याला घरभर फिरवलं. इथे शेळीचा खुंटा होता. इथे तू पडलास आणि हनुवटीला टाके पडले. ह्या कोनाड्यात तुझा पाण्याचा तांब्या असायचा. तो प्रत्येक ठिकाणी थांबून मान हलवायचा, माझ्या वर्गातली पोरं कविता न कळताच हलवतात तशी. दोन-तीन ठिकाणी मलाही आठवेना की खरं काय होतं. रॉकेलचा दिवा कुठल्या भिंतीला होता, ते मी ठामपणे सांगितलं, पण मला माहीत नव्हतं.

परत येताना नगर जवळ आलं तेव्हा मी गाडी बाजूला घ्यायला लावली. सरळ समोर काचेतून बघत म्हणाले, "मी तुला येऊ नको म्हणाले होते. त्या वेळी. तू आज ते बोलला नाहीस."

त्याचे हात स्टिअरिंगवरच होते. बाजूने उसाचे ट्रॅक्टर नाहीत, काही नाही, मे महिन्याचा मोकळा रस्ता.

"तू नको म्हणालीस ना," तो म्हणाला, "तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, ताई. मी पुन्हा विचारलं, ते तू पुन्हा नको म्हणावंस म्हणूनच विचारलं."

मग त्याने गाडी सुरू केली. दोन दिवसांनी तो गेला. पुण्यापर्यंत सोडायला मी गेले होते. मुलांसाठी त्याने नगरचे पेढे घेतले.

घर विकलं नाही. विकू या, असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही, आणि ठेवू या असंही म्हणालं नाही. पाऊस उघडल्यावर छतावरचं गवत काढायला आता कुणी चढत नाही. वाटेकऱ्याला मी दोनदा सांगितलं, तो बघतो म्हणाला, त्याचंही वय झालंय. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मधल्या खोलीची एक तुळई खाली आली आणि तेवढ्या भागातली माती आत पडली. आईचा फोटो त्याआधीच मी नगरला आणला होता. वाटेकऱ्याने मोबाईलवर पडलेल्या छताचा फोटो पाठवला, तो मी तसाच भावाला पुढे पाठवला. त्याने उत्तर लिहिलं, बघू या काय करायचं ते.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा आम्ही त्याच्या मुलीच्या परीक्षेबद्दल बोललो.